सातवी बाजू

शुक्रान बाईंचा निरोप आला तेव्हा
मी बंदराकडे तोंड करून चहा पीत होतो.
"उस्ता, लाकडाचे ठोकळे हवेत.
असे, की कापल्यावर आत काहीतरी सापडेल."

सव्वीस वर्षं मी झोंगुलडाकच्या खाणीत
छताला टेकू दिले.
लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं,
दगड तेवढी सभ्यता पाळत नाही.
पण भिंतीवरचा खाणीचा नकाशा
मला कधी वाचता आला नाही.
ज्या थरात मी कोपरांवर सरपटलो
तो तिथे एक रेघ होता, केसाएवढी.
इंजिनीयर तिच्यावरून बोट फिरवायचा
आणि मी मान हलवायचो,
बहिरा लग्नघरात हलवतो तशी.

तर ठोकळे.
पाइन, अक्रोड, बीचच्या फळ्या,
मधे एक पट्टी काळी रंगवलेली.
सरस लावून आवळल्या, तिरक्या कापल्या,
सरकवून पुन्हा चिकटवल्या.
मुलं चार बाजू बघतात, मग वरची, खालची. सहा.
"आता सातवी सांगा," बाई म्हणतात, "आतली."

वर्ग गप्प.
एमराह म्हणतो, पट्टी सरळ जाते, अजून काय.
सगळेच तसं म्हणतात.
बाहेर दिसतं तेच आत, असं धरून
माणूस किती वर्षं काढू शकतो
हे मी त्यांना सांगत नाही.

कँटीनच्या हाजेरनं शिळ्या युफ्का आणल्या,
पोळीहून पातळ, परातीएवढ्या.
मधे काकवी फासून दहा पदर केले.
दोन्हीकडून रेटल्यावर पदरांना घड्या पडल्या.
बाईंनी सुरीनं उंचवटा उडवला,
खाली पट्टेच पट्टे, मधला सगळ्यांत जुना.
"हा डोंगर. पावसानं हेच केलं,
फक्त घाई केली नाही."
मागच्या बाकावर कुणीतरी डोंगर खाल्ला.

गुलेंदाम मात्र चौथा ठोकळा सोडेना.
त्यात तिरकी भेग,
आणि भेगेपलीकडे काळी पट्टी गायब.
पुस्तकात याला भ्रंश म्हणतात.
आम्ही म्हणायचो, कोळसा रुसला.
तिनं ठोकळा डोळ्यांसमोर धरला,
भेगेवरून बोट खाली उतरवलं.
"खाली जाताना ही पुढे कलते.
म्हणजे पलीकडचा तुकडा घसरगुंडीवर बसलाय.
पट्टी खाली गेली."
एवढंच. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो.

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये
आमच्या पुढ्यातला कोळसा असाच तुटला होता.
भेग छताशी जवळ, पायाशी लांब.
मी स्वतः तिच्यावर हात ठेवला होता,
गार, घासून चकाकलेली.
मुकादम हुसामेद्दीन म्हणाला, वर.
अकरा दिवस आम्ही वर खणलं.
बाराव्या दिवशी कुणी नकाशा घेऊन आलं.
कोळसा दोन पुरुष खोल,
आमच्याच पायाखाली.
अकरा दिवसांचा पगार मिळाला, ते सोडा.
हात भेगेवर होता,
आणि हातानं काही विचारलं नाही.
हे आज कळतंय, अकरा वर्षांच्या पोरीकडून,
जिच्या नखांत अजून काकवी आहे.

काल रात्री उरल्यासुरल्या तुकड्यांचा
एक ठोकळा केला, दिवा मालवून.
हाताला लागेल ते चिकटवलं,
कापलं, फिरवलं, पुन्हा चिकटवलं.
अंधारात काम करायची मला सवय आहे.
सकाळी रंधा मारला.
सहाही बाजू वेगवेगळं सांगतायत,
आत काय, मलाही ठाऊक नाही.

गुलेंदामनं तो तीनदा फिरवला.
पेन्सिलीनं रेघ मारली, कोपऱ्यापासून तिरकी,
मग खोडली. मग दुसरी.
करवत माझ्या हातात आहे.
"थांबा ना," ती म्हणते,
"आधी मला सांगू दे."